सहा नंबरची लाइन

कोणत्याही कारखान्याचे खरे वैभव यंत्रांत नसते, कामगारांत तर नसतेच नसते. ते वेळापत्रकात असते. यंत्र बिघडते, कामगार रजेवर जातो, वेळापत्रक मात्र भिंतीवर असते तिथेच असते. हे सत्य डोंबिवली एमआयडीसीतल्या 'शुचिर्भूत होमकेअर प्रायव्हेट लिमिटेड' या कंपनीला स्थापनेनंतर एकवीस वर्षांनी कळले. (काही कंपन्यांना त्याहून उशिरा कळते, काहींना कळण्याआधीच त्या बंद पडतात.)

शुचिर्भूतमध्ये तीन द्रव बनतात: गुलाबी हँडवॉश, पिवळे भांडी घासायचे लिंबू आणि पांढरे फिनाइल. हे द्रव टाक्यांत घोटले जातात आणि पाच पाइपलाइनींतून बाटल्या भरण्याच्या हॉलमध्ये जातात. यातली अडचण एवढीच, की ज्या लाइनमधून फिनाइल गेले त्यातून लगेच हँडवॉश सोडता येत नाही. सोडल्यास ग्राहकाच्या हातांना सरकारी इस्पितळाचा वास येतो. मधे लाइन धुवावी लागते, आणि धुण्यात पाऊण तास जातो. म्हणून कुठल्या लाइनमधून काय, कधी आणि कशाच्या पाठोपाठ सोडायचे, हे ठरवणे हाच या धंद्याचा प्राण होय.

हे काम सत्तावीस वर्षे काळुराम भोईर करत होते. (कंपनी एकवीस वर्षांची आहे, त्याआधीची सहा वर्षे ते याच शेडमध्ये आधीच्या मालकाकडे होते. शेड विकली तेव्हा यादीत टाक्या, पाइप आणि काळुराम असा क्रम होता.) राहणार दिवा गाव, बोली आगरी (तिच्यात 'सोड'चा 'सोर' होतो). वडील मिठागरावर होते. काळुरामांची पद्धत अशी, की दाराआडच्या फळ्यावर खडूने दिवसाचा क्रम लिहायचा आणि शंका आली तर पाइपवर पाना वाजवून बघायचा. आवाजावरून ते लाइन भरलेली आहे, रिकामी आहे की धुवायची राहिली आहे, ते सांगत. सत्तावीस वर्षांत त्यांचा अंदाज दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा त्यांना सर्दी होती. अशी पद्धत स्लाइडवर दाखवता येत नाही. सबब ती अशास्त्रीय ठरली.

गेल्या वर्षी कंपनीने 'गतिमान' नावाचे सॉफ्टवेअर घेतले. ते बसवायला घोडबंदर रोडवरून ऋतुराज नावाचे सल्लागार आले. ते अकरा दिवस कॉन्फरन्स रूममध्ये बसले. प्रत्यक्ष प्लान्टमध्ये ते गेले नाहीत, कारण त्यांच्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हते. (मागवले आहेत.) त्यांनी जुने नकाशे मागवले आणि त्यावरून प्रत्येक टाकी, प्रत्येक लाइन काळजीपूर्वक संगणकात भरली.

नकाशात लाइनी सहा होत्या.

सहावी तुटक रेषेने काढलेली होती. कंपनी वाढवायचा विचार एका वर्षी झाला होता, तो त्याच वर्षी थांबला होता. त्या जागी पुढे कँटीन झाले. परंतु सॉफ्टवेअरला तुटक रेषेतला संकोच समजत नाही. त्याने ती मनानेच जोडून घेतली.

पहिल्या सोमवारी 'गतिमान'ने आठवड्याचे वेळापत्रक काढले. एकूण एक्केचाळीस वेळा माल पाठवायचा होता, त्यातल्या अडतीस वेळा तो सहा नंबरने जाणार होता. यात सॉफ्टवेअरचा कोणताही पक्षपात नव्हता. सहा नंबरची लाइन कधी खराब होत नव्हती, धुवावी लागत नव्हती, तिच्या पुढे रांग नव्हती आणि तिचा एकही व्हॉल्व्ह गळत नव्हता. तिच्याइतकी गुणी लाइन त्या प्लान्टमध्ये दुसरी नव्हती. कार्यक्षमता पस्तीस टक्क्यांवरून एक्याण्णव टक्क्यांवर गेली. एमडी साहेबांनी ठाण्याच्या ऑफिसात, टेंभी नाक्यावर, हा आकडा पडद्यावर पाहिला आणि स्टाफला काजूकतली वाटली. (नवरात्र चालू असल्याने त्यांची गाडी नाक्यावरून हलत नव्हती, एरवी ते स्वतः येऊन प्लान्ट पाहतात.)

काळुरामांच्या हातात टॅब्लेट देण्यात आला. त्यावर लिहिले होते, 'टाकी ३, गुलाब हँडवॉश, ४००० लिटर, लाइन ६ ने पाठवा.' खाली एकच बटण होते: 'सुरू.' दुसरे काही दाबण्याची सोय नसल्याने काळुरामांनी ते दाबले आणि लाइन शोधायला गेले. अर्ध्या तासाने ते प्लॅनिंगच्या केबिनमध्ये आले. तिथे निशा म्हात्रे बसते. कळव्याची मुलगी, नोकरीला दोन वर्षे झालेली.

"निशा मॅडम, सा नंबरची लाइन कुठं हाय?"

"टाकी तीनच्या मागून जाते ना, काका."

"मी जाऊन बगून आलो. तिथं कँटीनची भिंत हाय."

"भिंतीच्या पलीकडे असेल."

"पलीकडं रतनचा चहाचा ष्टो हाय."

निशा उठली आणि त्यांच्याबरोबर गेली. नकाशा हातात धरून तिने पावले मोजली. नकाशाप्रमाणे लाइन बरोबर रतनच्या डोक्यावरून जात होती. रतनने वर पाहिले, मग दोघांकडे पाहिले आणि दोन कटिंग पुढे केले.

तिने ऋतुराजना फोन लावला. ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम मॅडम, लाइन डिलीट करून टाका. फक्त ती रिकामी पाहिजे."

"ती नाहीच आहे, तर भरलेली कशी असेल?"

"सिस्टिममध्ये तिच्यात चार हजार लिटर दिसतंय. कोणीतरी स्टार्ट केलंय."

माल निघाला म्हणजे पोचला पाहिजे, अशी 'गतिमान'ची धारणा होती. हॉलमध्ये किती पोचला तो आकडा टाकल्याशिवाय ही फेरी बंद होत नव्हती. निशाने शून्य टाकले. शून्य स्वीकारले जात नाही, असे उत्तर आले. (पूर्वी एका कारखान्यात लोक शून्य टाकून घरी जात, त्यामुळे ही सुधारणा करण्यात आली.) खोटा आकडा टाकायला ती तयार होईना, तिच्या नावाने लॉगिन होते. अशा रीतीने चार हजार लिटर हँडवॉश एकाच वेळी टाकी तीनमध्ये होते आणि पडद्यावर रतनच्या डोक्यावर होते.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरी मॅनेजर महिपत सावंत यांनी काळुरामांना मेमो दिला. 'आपण पाठवलेला माल लाइन क्र. ६ मध्ये अडकला असून, त्याबाबत अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा.' काळुरामांनी खुलासा केला, 'लाइन नाही.' त्यावर दुसरा मेमो आला. 'कंपनीच्या मालमत्तेचे अस्तित्व नाकारणे हे शिस्तभंगात मोडते. आपली खातेनिहाय चौकशी का करू नये?'

निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चौकशी लागली असती तर ते चौदा महिने घरी बसून काढावे लागले असते. सकाळी कामावर निघताना त्यांनी दोन्ही मेमो बायकोला, जयाला, वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती.

"हाय म्हना ना," ती म्हणाली. "काय जातंय तुमचं? चौदाच तं म्हैने रायलेत."

"हाय म्हनलो तं उद्या म्हनतील तिच्यातशी माल सोर. मंग मी कुठं सोरू?"

जयाने तव्यावरची भाकरी उलटली. "डबा इसरू नका," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी काळुराम डबा विसरले. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदाच झाले.

त्याच सकाळी साडेदहाला 'गतिमान'ने पुढचा आदेश दिला. टाकी तीन रिकामी आहे, तिच्यात तीन हजार लिटर लिंबू घ्या. तर्कात कोठेही चूक नव्हती. माल निघून गेलेली टाकी रिकामीच असणार. काळुरामांनी टाकीवर पाना वाजवला. ती गच्च होती. त्यांनी व्हॉल्व्ह उघडायला नकार दिला. दहा मिनिटांनी टेंभी नाक्यावरच्या पडद्यावर ती ओळ लाल झाली, आणि अकराव्या मिनिटाला सावंत साहेब प्लान्टमध्ये आले.

"व्हॉल्व्ह उघडा."

"साहेब, टाकी भरलेली हाय. झाकान उगरून बगा."

"झाकण उघडायचं तर सेफ्टी परमिट लागतं. ते काढायला तीन दिवस जातील. आणि स्क्रीनवर स्पष्ट रिकामी दिसतेय."

"मंग तुमी खोला. मी खोलनार नाय. मना कामावरून कारा."

सत्तावीस वर्षांत काळुरामांनी साहेबाला नाही म्हटले नव्हते. मेमोत 'नाही' लिहिणे वेगळे आणि साहेबाच्या तोंडावर म्हणणे वेगळे. निशा पुढे झाली. "सर, काका बरोबर सांगतायत. मी जबाबदारी घेते, थांबवा." सावंत साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांचीही तीन वर्षेच राहिली होती, आणि खिशातला फोन वाजत होता. त्यांनी स्वतः व्हॉल्व्ह उघडला आणि पंप चालू केला.

साधारण पाचशे लिटर आत गेल्यावर टाकीने असहकार पुकारला. झाकणातून आधी फेस आला, मग गुलाबी आला, मग पिवळा, आणि मग दोहोंचा मिळून भगवा. काळुराम धावत जाऊन पंप बंद करेपर्यंत दीड हजार लिटर माल जमिनीवर आला होता. तिथल्या जमिनीला उतार आहे. तो उतार टाकी तीनच्या मागून, कँटीनच्या दारातून, चहाच्या ओट्याखालून थेट बाटल्या भरण्याच्या हॉलकडे जातो. नकाशा काढणारा इंजिनिअर हुशार असला पाहिजे. त्याने लाइनची जागा नेमकी हेरली होती.

सावंत साहेब वाटेत उभे होते. त्यांनी पाऊल मागे घेतले, ते घसरले, आणि बसल्या स्थितीत कँटीनमधून हॉलपर्यंत गेले. रतनने त्यांना जाताना पाहिले आणि ओट्यावर चढून बसला. कोणालाही इजा झाली नाही. लाइन सहामधून संपूर्ण प्रवास केलेले ते कंपनीचे एकमेव अधिकारी आहेत.

त्यांच्या पाठोपाठ निशा बादली घेऊन हॉलमध्ये पोचली. तिने जमिनीवरचा माल बादलीत भरला, मोजला आणि पडद्यावर आकडा टाकला: सतरा लिटर. खरा, मोजलेला आकडा. 'गतिमान'ने कमी भरल्याचे कारण विचारले. बाष्पीभवन, गळती, इतर. तिने 'इतर' निवडले. फेरी पूर्ण झाली. आभारी आहोत, असा संदेश आला.

(टाकीत उरलेले भगवे मिश्रण कंपनीने गाड्या धुण्यासाठी विकायला काढले. फेस चांगला होतो, असे लोक म्हणतात.)

लाइन आता रिकामी होती. निशाने ती पुसायला बोट उचलले, तोच ओल्या पँटीत सावंत साहेब केबिनमध्ये आले. "थांब. एमडी साहेबांचा फोन होता. ती काढली तर एक्याण्णवचे पुन्हा पस्तीस होतील."

यावर बैठक झाली. बैठकीत सर्वांना समाधान वाटेल असा निर्णय झाला. काळुरामांनी पूर्वीप्रमाणे फळ्यावर खडूने क्रम लिहावा आणि पाच लाइनींतून माल पाठवावा. दिवसअखेर निशाने पोचलेला खरा माल मोजून 'लाइन ६' या नावाने भरावा. निशाने विचारले, "म्हणजे सॉफ्टवेअर काय करणार?" सावंत साहेब म्हणाले, "सॉफ्टवेअर चालवणार." आकडे तरी खरे जातील, असे तिने स्वतःला समजावले; असे आपण सगळेच कधी ना कधी समजावतो.

राहिला प्रश्न चौकशीचा. मेमो मागे घेण्याचा नमुना कंपनीत उपलब्ध नसल्याने चौकशी होणे भाग होते. नियमाप्रमाणे ती संबंधित लाइनच्या प्रभारीने करायची असते. लाइन सहाला प्रभारी नव्हता. तिची माहिती असलेला माणूसही एकच होता. तेव्हा काळुरामांची त्या जागी नेमणूक झाली. त्यांनी एका दुपारी काळुराम भोईर यांना समोर बोलावले, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांना एकमताने निर्दोष ठरवले. सांडलेल्या मालाचा दोष जमिनीच्या उतारावर आला. उतार कायम सेवेत नसल्याने त्याच्यावर कारवाई झाली नाही.

काळुरामांनी जयाला हे सांगितले तेव्हा ती हसली नाही. तिने विचारले, "मंग आता लाइन हाय का नाय?"

"नाय," ते म्हणाले. "पन मी तिचा साहेब हाय."

त्या तिमाहीत उत्पादन वाढले. ते फळ्यामुळे वाढले की खडूमुळे, याचा अभ्यास झालेला नाही. ऋतुराज आता इतर कारखान्यांना शुचिर्भूतचे उदाहरण दाखवतात, त्यामुळे अशा चार ठिकाणी सहा नंबरच्या लाइनी बसल्या आहेत.

हे वाचून आपणास हसू आले असेल, तर ते स्वाभाविक आहे. आपण शिकलेले आहात. नसलेल्या पाइपमधून काही येत नाही हे आपणास कळते. आता आठवून पाहा. आपली बढती, आपल्या बिल्डिंगचे रिडेव्हलपमेंट, आपल्या फ्लॅटचा ताबा, गेल्या मार्चपासून यायचे असलेले ते पत्र. प्रत्येक वेळी टेबलापलीकडच्या माणसाने सांगितले, 'पाइपलाइनमध्ये आहे,' आणि आपण त्याचे आभार मानून, समाधानाने घरी आलात.

काळुराम निदान जाऊन बघून तरी आले होते.