आता बास सुधारित

लेख स्वीकारल्याचं पत्र आलं तेव्हा गोगलगाय सर बेसिनपाशी दात घासत होते. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात फोन. पहिलं वाक्य वाचताच त्यांनी "अगं ए!" अशी काही आरोळी ठोकली की निम्मा फेस आरशावर गेला.

"काय झालं? पडलात का?" बायको धावत आली.

"स्वीकारला! माझा लेख स्वीकारला!"

"अरे वा! बरं, आधी आरसा पुसा," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. बातमी कितीही मोठी असो, मधली पायरी गाळून पुढे जाणं तिला जमायचं नाही.

सर गेली नऊ वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते. समोर दोन वाटा आल्या की गोगलगाय वळण्याआधी थांबते, ती का थांबते? विद्यापीठात सगळ्यांना वाटायचं, या संशोधनामुळेच त्यांना गोगलगाय सर म्हणतात. तसं काही नव्हतं. एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला ते किती दिवस लावतात, त्यावरून ते नाव पडलं होतं. आणि त्यांना हसणारे आम्ही बाकीचे प्राध्यापकही काही हरणं नव्हतो, हे इथेच कबूल करून टाकतो.

आनंदाचं कारण मात्र खरं होतं. पंधरा दिवसांवर पदोन्नतीची मुलाखत होती. दोनदा पदोन्नती हुकली होती, आणि तिसऱ्यांदा हुकलेल्याला आमच्याकडे परत बोलवत नाहीत. त्यातून यंदा नवा नियम आला होता. जो लेख जगात कोणालाही, कुठूनही, फुकट वाचता येतो, तोच मुलाखतीत धरणार. कुलूपबंद लेख जमेस नाही. आता सरांचं नियतकालिक लेख मोकळा ठेवायला तयार होतं, पण त्यासाठी लेखकानं भलंमोठं शुल्क भरायचं होतं. ते शुल्क लेखकाला पेलत नाही म्हणून विद्यापीठानं एक निधी काढला होता. आणि त्या निधी समितीचे अध्यक्ष होते स्वतः गोगलगाय सर.

"मग काय, घरचंच कार्य आहे," सर आरसा पुसत म्हणाले.

या निधीची नियमावली सरांनी एकहाती लिहिली होती. चौदा अटी. दोन वर्षांत एकही अर्ज त्या चौदा अटींतून पार पडला नव्हता. कोणाचा सहलेखक परगावचा निघाला, कोणी सही निळ्या शाईनं केली. माझा स्वतःचा अर्ज पानावर क्रमांक नाही म्हणून परत आला होता, आणि अर्ज एका पानाचा होता. निधीतला पैसा जसाच्या तसा शिल्लक आहे, हे सर प्रत्येक सभेत छाती फुगवून सांगत.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. समिती म्हणजे तीन माणसं. सर, ग्रंथपालबाई आणि लेखाधिकारी. बाईंनी सरांचा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सर, अट क्रमांक नऊ."

"काय आहे नऊ?"

"तुम्हीच लिहिलीये. लेख नियतकालिकाकडे पाठवण्याच्या आधी निधीसाठी अर्ज करायचा. तुम्ही लेख स्वीकारल्यावर करताय."

सरांचा चेहरा पडला. "अशी अट कोणी घातली?"

लेखाधिकारी खाली बघून हसू दाबायला लागले. बाईंनी दाबलं नाही.

"बरं, पण विशेष बाब म्हणून सूट देता येते ना? अट तेरा," सर म्हणाले.

"येते की. समितीनं ठरवलं तर. पण स्वतःचा अर्ज असला की सभासदानं बाहेर जायचं. अट अकरा."

सर बाहेर गेले. व्हरांड्यात पाच मिनिटं उभे राहिले. मग दार उघडून बाईंनीच त्यांना आत बोलावलं.

"सर, निर्णय घेता येत नाही. सभेला तिघं हजर लागतात. अट दोन. तुम्ही बाहेर गेलात की आम्ही दोघंच उरतो."

"मग मी आत बसतो."

"आत बसलात की तुमच्या अर्जावर बोलता येत नाही."

"मग मी दारात उभा राहू का?"

"कुठला पाय आत?" लेखाधिकाऱ्यांनी अगदी मनापासून विचारलं. त्यांना नोंद करायची होती.

सर तीनदा आत आले आणि तीनदा बाहेर गेले. सूट नाही म्हणजे अट नऊ कायम, म्हणून शेवटी त्यांनीच लाल शाईनं अर्जावर 'अमान्य' लिहिलं आणि सही केली. नाकारलेल्या अर्जावर अध्यक्षांची सही लागते, ही अट सहा. सही केल्यावर ती वाळेपर्यंत सर तिच्यावर फुंकर घालत बसले होते, हे लेखाधिकाऱ्यांनी आम्हाला नंतर चहा पिताना सांगितलं. आम्हाला वाईट वाटलं. तरी पण दुसरा चहा मागवावा इतपत बरंही वाटलं.

सर तसेच खुर्चीत बसून राहिले. "संपलं, बाई. नऊ वर्षं पाण्यात गेली."

बाईंना त्यांची दया आली. "सर, दोन वर्षं मी सांगतेय, पण तुम्ही ऐकूनच घेत नाही. एक पैसा न भरता लेख मोकळा करता येतो. या नियतकालिकाची परवानगी आहे तशी. त्यांनी छापलेली पानं नाही द्यायची. परीक्षकांनी सुचवलेले बदल करून झाल्यावरची, पण छपाईच्या आधीची, तुमची स्वतःची प्रत आपल्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ठेवायची. झालं काम. ती सगळ्या जगाला दिसते."

"आणि ते मुलाखतीत धरतात?"

"धरतात."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

बाईंनी पुन्हा चष्मा काढला.

सर घरी आले आणि संगणक उघडून बसले. लेखाच्या सात फायली होत्या. 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरंच अंतिम', 'ही पाठवायची', 'ही नाही', 'आता बास' आणि 'आता बास सुधारित'. परीक्षकांनंतरची म्हणजे शेवटची, म्हणजे 'आता बास सुधारित', असा त्यांनी हिशेब केला. उघडून पाहिली. स्वच्छ, सुबक, बावीस पानं. बाईंना पाठवून दिली. बाईंनी तासाभरात ती संकेतस्थळावर ठेवली आणि सरांनी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी दुपारची झोप घेतली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. लिहिताना समासात स्वतःशी बोलायची सरांना खोड होती. संगणकावर तशी सोय असते, मजकुराच्या कडेला टिपा टाकता येतात. पण त्या टिपा सारख्या डोळ्यांसमोर नाचतात म्हणून सरांनी कधीतरी एक बटण दाबून त्या दिसेनाशा केल्या होत्या. दिसत नाहीत म्हणजे गेल्या, असं ते समजून चालले होते. त्या फक्त त्यांनाच दिसत नव्हत्या.

चार वाजता मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, तुमचा लेख वाचला! काय लिहिलंय हो!"

सर चाट पडले. मेहुण्याचं टायरचं दुकान होतं. "तुम्हाला समजला?"

"मधलं नाही समजलं. कडेचं सगळं समजलं."

सर धावत संगणकाशी गेले. ग्रंथालयाच्या पानावर लेख उघडला. डावीकडे मजकूर, उजवीकडे पिवळ्या चौकटींची रांग. पहिल्याच पानावर : 'हे वाक्य भारदस्त वाटतंय. अर्थ नंतर बघू.' चौथ्यावर : 'संदर्भ सतरा वाचलेला नाही. सगळे देतात म्हणून दिला.' सहाव्यावर : 'तिसावी गोगलगाय हिनं दया येऊन बागेत सोडली. गोगलगायी एकोणतीसच धर आणि तांत्रिक कारणास्तव असं लिही.' नवव्यावर : 'इथे एक आलेख टाक, पान ओकंबोकं दिसतंय.' आणि अकराव्या पानावर, जिथे गोगलगाय का थांबते याचं भव्य विवेचन होतं, तिथे : 'नऊ वर्षं झाली. खरं सांगायचं तर मला काहीही कळलेलं नाही.'

"अगं, मेलो!" सर ओरडले.

बायकोनं मागे उभं राहून सगळ्या टिपा शेवटपर्यंत वाचल्या. "तिसावीचं कबूल केलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "बाकी लेखापेक्षा हे चांगलं लिहिता तुम्ही."

सरांनी बाईंना फोन लावला. "काढून टाका! आत्ताच्या आत्ता!"

"सर, अट चौदा. निधी मिळो न मिळो, संकेतस्थळावर एकदा ठेवलेली प्रत कोणत्याही कारणानं काढता येणार नाही. 'ज्ञान हे माघारी घेता येत नाही,' असंही खाली लिहिलंय तुम्ही."

"हे ज्ञान आहे का, बाई?"

"ते ठरवायला समिती बसवावी लागेल. आणि तुम्हाला बाहेर जावं लागेल."

नवी, स्वच्छ प्रत शेजारी ठेवायची तेवढी मुभा होती. ती ठेवली. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. जुनी प्रत मात्र गावभर झाली. ती सायकलवाल्यानं वाचली, दंतवैद्यानं वाचली, आणि आम्ही तर विभागात मोठ्यानं वाचली. ग्रंथालयाच्या इतिहासात इतका वाचला गेलेला लेख नव्हता. हसता हसता आमच्यातले एकेक जण गप्प झाले आणि गुपचूप आपापल्या खोलीत जाऊन आपापल्या जुन्या फायली तपासायला लागले. मीही गेलो. माझ्या फायलीत काय सापडलं ते मी सांगणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी सर पांढरेफटक दिसत होते. टेबलापलीकडे पाच जण होते. मधोमध कुलगुरू आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई, केस पूर्ण पिकलेले, समोर लेखाची छापील प्रत. प्रतीच्या कडेला पिवळ्या चौकटी सरांना दारातूनच दिसल्या.

कुलगुरूंनी सुरुवात गोड केली. "आम्ही तुमचं दप्तर पाहिलं. समितीचे अध्यक्ष असून तुम्ही स्वतःचाच अर्ज नाकारलात, स्वतःच्या सहीनं. ही निःस्पृहता हल्ली दिसत नाही हो. मला फार कौतुक वाटलं."

आयती चालून आलेली संधी होती. नुसतं मान खाली घालून लाजायचं होतं. आमच्यापैकी कोणीही लाजलं असतं. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, त्या पिवळ्या चौकटींकडे पाहिलं. आता आणखी काय लपवणार होते?

"नाही साहेब," ते म्हणाले. "मी अर्ज मंजूर करून घ्यायलाच बसलो होतो. नऊ नंबरची अट मला आठवत नव्हती. मी ती लिहिली होती, वाचली नव्हती."

कुलगुरू पेन्सिलीशी खेळायला लागले. मग तज्ज्ञ बाईंनी प्रत उघडली.

"संदर्भ सतरा," त्या म्हणाल्या. "तो माझा आहे."

सरांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. "माफ करा, बाई. मी आजच वाचतो."

"नका वाचू. फार कंटाळवाणा आहे. मी स्वतः परत वाचू शकलेले नाही." त्यांनी पान उलटलं. "माझा प्रश्न अकराव्या पानाबद्दल आहे. इथे कडेला लिहिलंय, काहीही कळलेलं नाही. ही टीप जुनी आहे का? मधल्या काळात काही कळलं?"

सरांनी घाम पुसला. एक मोठं वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"नाही. अजूनही नाही. ती थांबते, एवढं नक्की. मी नऊ वर्षं रोज बघतोय. ती थांबली की मीही श्वास रोखून थांबतो. पण का थांबते, ते मला माहीत नाही."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "मलाही नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. फक्त मी तिथे 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं लिहीत आले."

मग त्या दोघांचं जे बोलणं सुरू झालं, ते गोगलगाईच्या शिंगांवरून तिच्या ओलाव्यावर आणि तिथून अंधारावर गेलं. कुलगुरूंनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं. बाहेर बसलेल्या पुढच्या उमेदवाराला वाटलं, आत सरांची खरडपट्टी चाललीये, आणि तो मनातून सुखावला. तो पुढचा उमेदवार मीच होतो.

आठवड्यानं लखोटा आला. सरांना उघडवेना. बायकोनंच तो कात्रीनं नीट कापला आणि आदेश सवयीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. क्रमांक वाचला, दिनांक वाचला, विषय वाचला.

"अगं, खाली बघ ना! मिळाली की नाही?"

"थांबा हो, येतेय तिथे." तिनं घसा साफ केला. "'उमेदवारास आपल्याला काय कळत नाही याची स्पष्ट व प्रामाणिक जाणीव असल्याचे पाचही सदस्यांचे एकमत झाले. सबब उमेदवार पदोन्नतीस पात्र आहे.'"

सर मटकन खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. बायकोनं कागदाची घडी केली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"एवढ्यासाठी पाच माणसं बसवली?" ती म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी फुकट सांगितलं असतं."