नवस सासूबाईंचा, डोकं माझं

गाईड घ्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. गाईड गोऱ्या पाहुण्यांसाठी. आपण पडलो क्राबीचे, थायलंडच्या ऐन समुद्रकाठचे! (जन्मलो क्राबीत हे खरं; पण कळायला लागल्यापासून बँकेच्या काउंटरमागेच बसलोय, हे कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, भाड्यानं देणाऱ्याला सांगायची मला गरज वाटली नाही.)

खरं कारण सासूबाई. त्यांना माझ्यात पाहण्यासारखं कधी काही दिसलंच नाही. "केस तेवढे बरे आहेत," असं लग्नात म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मी केसांना जिवापाड जपतो. सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, सुट्टीत एकदा तरी त्यांनी "जावई तयार आहे हं" म्हणावं, म्हणून हा सगळा घाट.

पुढे बायको पेन्सी, मध्ये छत्री उघडून सासूबाई, मागे वल्हं मारणारा मी. कयाक सरळ सोडून सगळ्या दिशांना गेली. कड्यावरची माकडंसुद्धा खाणं सोडून बघायला आली.

कसेबसे आम्ही एका बोगद्यातून कड्याच्या पोटातल्या तळ्यात शिरलो. चारी बाजूंना चुनखडीच्या भिंती, वर तेवढं आभाळ. होडीतच भाजलेली कोंबडी आणि चिकटभात झाला. मी थोडा भूगोल सांगितला, सगळ्यांनाच डुलकी लागली. जागे झालो तर भरती आलेली आणि बोगद्याचं तोंड पाण्याखाली!

"जावईबापू, दार कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसेल... थोड्या वेळानं."

"तू भरतीची वेळ विचारली होतीस ना?" पेन्सी म्हणाली.

"समुद्र काय बँक आहे, वेळ विचारायला?"

सासूबाईंनी छत्री मिटली, हात जोडले आणि कड्यातल्या देवाला खणखणीत आवाजात नवस बोलल्या, "आजोबा, सुखरूप बाहेर काढा. आमचा जावई डोकं भादरून वर्षावासाचे तीन महिने भिक्खू होईल!"

"आई! माझं डोकं कशाला?"

"मग माझं देऊ? आत कोणी आणलं?"

"सगळे बोलतात तशी उकडलेली अंडी बोला ना! शंभर अंडी!"

"बोलले ते बोलले. घासाघीस करायला हा काय मासळीबाजार आहे?"

"पण ओहोटी लागली की पाणी आपोआप उतरेल!"

"मग तू आपोआप ये. आम्ही नवसानं जातो."

संध्याकाळी पाणी उतरलं. तिघंही एकाच होडीतून बाहेर पडलो. श्रेय मात्र आजोबांना गेलं.

मी दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. (कुणाच्या लक्षात आलं नाही.) मग एकदम सुचलं. भिक्खूपुढे सासूसुद्धा गुडघे टेकते! हात जोडते, अन्न वाढते आणि उलटून बोलत नाही. तेही तीन महिने! त्यासाठी केसच काय, भुवया गेल्या तरी बेहत्तर. (आमच्याकडे त्याही जातात.) साहेबांनी तर रजा इतक्या लगबगीनं मंजूर केली की जरा वाईटच वाटलं.

पावसाळा लागला, चीवर अंगावर आलं आणि पहिल्याच दिवशी मुख्य भंतेंनी मला बोलावलं.

"समुद्राचे माहीतगार आहात म्हणे. गाईडसुद्धा लागत नाही."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या सासूबाई. फार कौतुक करत होत्या."

जे ऐकायला मी जन्मभर तरसलो, ते असं कानावर आलं. खाडीपलीकडे सासूबाईंच्या वस्तीत होडीनं भिक्षेला जायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आता रोज सकाळी मी खाडीत गोल गोल फिरत धक्क्याला लागतो. सासूबाई वाट बघत असतात. गुडघे टेकतात, हात जोडतात आणि कारल्याच्या सूपची रबर लावलेली पिशवी माझ्या पात्रात ठेवतात. पात्रात पडेल ते भिक्खूनं मुकाट खायचं असतं. उलटून त्या खरंच काही बोलत नाहीत. फक्त मान वर करतात, माझ्या डोक्याकडे बघतात आणि अतिशय आदरानं म्हणतात,

"भंते, तुमचे केस तेवढे बरे होते."