सिस्टर बारशाला जात नाहीत

आमच्या सिस्टर दोन दिवसांच्या बाळाला ‘अहो’ म्हणतात आणि त्याच्या बापाला ‘अबे’. पुसदच्या ज्या दवाखान्यात मी केसपेपर काढतो, तिथला लहान मुलांचा वॉर्ड त्यांच्या ताब्यात आहे. नाव रत्नमाला, पण त्या नावाने हाक मारायची मोठ्या डॉक्टरांचीही छाती नाही.

“साहेब, सुई टोचून राह्यली, रागावू नोका,” असं बाळाला सांगितल्याशिवाय त्या सुई टोचत नाहीत. साहेब अर्थातच भोकाड पसरतात. मग बापाची पाळी. “काहून बे, साहेब रडून राह्यले अन् तू मोबाइल पाहून राह्यला?” एकदा पाहणीला आलेल्या बड्या अधिकाऱ्याला त्यांनी दोनदा हात धुवायला लावले. दुसऱ्यांदा कशाला, असं अधिकाऱ्याने विचारलं. “पयल्यांदा तुमी फक्त ओले केले.”

गेल्या हिवाळ्यात फुलसावंगीची एक मुलगी आली, सातव्याच महिन्यात जन्मलेली. मेथीच्या जुडीएवढा जीव. तिची आई दुसऱ्या वॉर्डात अत्यवस्थ, बाप तिच्या उशाशी. मुलीजवळ राहिले आजोबा. धोतर, भरघोस मिशा, कपाशीचे शेतकरी. अशा बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीची ऊब लागते. सिस्टरनी आजोबांना सदरा काढायला सांगितला.

“हे बायाइचं काम हाये, बाई.”

“मॅडमले थंडी वाजून राह्यली. तुमी काढता का मी काढू?”

आजोबांनी मुकाट्याने काढला. छातीवर नात, वर शाल, असे ते तासन्‌तास खुर्चीत बसायचे. खोकला आला तरी गिळायचे.

चौथ्या दिवशी पोरीचा श्वास थांबला. सिस्टर धावल्या, तळपायाला टिचक्या मारू लागल्या. “मॅडम, असं नाही करत. मॅडम, आयका ना माहं.” पोरीने श्वास घेतला. आजोबा हुंदका देऊन रडले, तर सिस्टर त्यांच्यावरच खेकसल्या, “हलू नोका, झोपमोड होते त्याइची.”

महिन्याभराने मायलेकी धडधाकट होऊन घरी निघाल्या. आजोबा म्हणाले, “सिस्टर, बारशाले या लागते बरं.”

“ड्यूटी हाये.”

सिस्टर कुणाच्याच बारशाला जात नाहीत. मला तो शिष्टपणा वाटायचा. त्या दिवशी विचारलंच.

“एकडाव गेलती मुकुटबनले, झबलं घेऊन,” चादर ताणत त्या म्हणाल्या. “पोचली तं लेकरू आदल्या दिवशीच गेलतं. तवापासून मी पाहालेच जात नाही. इथून गेलेलं लेकरू माह्या डोक्यात ठणठणीतच राहू दे.”

मला माझीच लाज वाटली.

पंधरा दिवसांनी आजोबाच सगळ्यांना घेऊन दारात हजर. सोबत घुगऱ्यांचा डबा. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आमच्याकडे आत्याचा.

“माह्या पोराले बहीण नाही,” आजोबा म्हणाले. “आत्या पाह्यजे होती.”

सिस्टर आधी चिडल्या, वॉर्डात एवढी गर्दी कायले म्हणून. मग पोरगी हातात आली. गाल भरले होते. सुनेने हळूच नाव सांगितलं, गौरी. सिस्टर पोरीच्या कानाशी वाकल्या.

दोन अक्षरी नाव सांगायला असा किती वेळ लागतो? सिस्टर बराच वेळ वाकूनच राहिल्या. कुणीही घाई केली नाही.