गाठ सोडणारी जाळी

नाल्यावरची जाळी पहिल्यांदा खोकली तेव्हा मी पुलाखाली बसून भाकरी खात होतो. बारीक, कोरडा खोकला. मी इकडेतिकडे पाहिलं. मग जाळी म्हणाली, "अहो भाऊ, घशात चप्पल अडकलीय." मी उठून चप्पल काढली. त्याला आता खूप वर्षं झाली. ऑफिसातून साहेब आले, त्यांनीही खोकला ऐकला, आणि जाळीशी नीट बोलत जा, एवढं मला सांगून गेले.

आमचा नाला करंज तळ्याला मिळतो. उथळ पाणी, लव्हाळे, पाणकोंबड्या. शहराचा कचरा तिथे जाऊ नये म्हणून ही लोखंडी जाळी, आणि तिला अडकलेलं उपसायला मी.

गेल्या उन्हाळ्यात पाणकोंबडीच्या एका पिलाच्या गळ्याला गुटख्याच्या पुड्यांची माळ आवळली. जाळीने ते समोर पाहिलं. मग म्हणाली, "केंगारभाऊ, माझ्याच गजांमधून गेली ती. मला सुधारायला सांगा."

इंजिनिअर सोनटक्के मॅडम आल्या. त्यांनी गजांवर हातोडी हळू वाजवून पाहिली. "बाई, तुमच्यावर बारीक जाळी बसवायची तर वेल्डिंग धरणार नाही. गज आतून गेलेत."

"मग नवी आणा. मी शिकवते तिला."

"शिकवायचं काय त्यात? अडवायचं."

"सगळं अडवून चालत नाही, मॅडम."

आमच्याकडे लोक निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून पुलावरून टाकतात. मग पलीकडच्या कठड्याशी जाऊन उभे राहतात. फुलं वाहत पुढे गेलेली दिसली की घरी जातात. नाही दिसली तर पुढची पिशवी थेट तळ्यात टाकतात. म्हणून जाळी इतकी वर्षं गाठ सोडून फुलं पुढे जाऊ द्यायची आणि पिशवी ठेवून घ्यायची. मॅडमनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि शिकवणीला मंजुरी दिली.

नवी आली. तरंगती, चकचकीत, बारीक विणीची. जुनीला उपटून काठावर ठेवलं, पायांना सिमेंटचे गोळे तसेच. नवी मन लावून शिकायची, पण पिलाच्या गळ्याची गोष्ट ऐकल्यापासून गाठ दिसली की घाबरून ओढायची आणि गाठ आणखी आवळायची.

"पोरी, तो कुणाचा गळा नाही," जुनी म्हणायची. "पिशवी आहे."

परीक्षेचा दिवस ठरला. नवी पास झाली तर जुनी भंगारात, नापास झाली तर जुनी परत जागेवर. भंगारचा टेम्पो सकाळीच पुलावर येऊन उभा राहिला. मी जुनीजवळ बसून हळूच म्हणालो, "बाई, आज तुम्ही काही बोलू नका."

"तुम्ही भाकरी खा," ती म्हणाली.

एक माणूस आला. डोक्याचे केस नुकतेच काढलेले, हातात दोन पिशव्या. एक त्याने टाकली आणि पलीकडे जाऊन वाकून पाहू लागला. पिशवी नवीला येऊन अडकली.

"गेले नाहीत का हो?" त्याने मला विचारलं. "आईच्या फोटोचे हार होते."

"थांबा जरा."

तो थांबला. मग दुसरी पिशवी घेऊन तळ्याच्या पायवाटेला लागला. नवी गाठ ओढत होती. मॅडम खाली तिच्याकडे पाहत होत्या.

"ओढू नकोस," जुनी काठावरून म्हणाली. "आधी आतली हवा जाऊ दे. हं. आता गाठ. आता सैल."

गाठ सुटली. नवीने फुलांपुरती वीण उघडली आणि झेंडू पुलाखालून बाहेर आला. पिशवी मागे राहिली. माणूस पायवाटेवरच थांबला, हात जोडले, मागे फिरला आणि दुसरी पिशवीही पुलावरूनच सोडली. ती नवीने एकटीने सोडवली. मग ती हलकेच खोकली.

"पास," मॅडम म्हणाल्या.

टेम्पोवाला दोर शोधू लागला. मी जुनीला म्हणालो, "बाई, लव्हाळ्यात जाऊन बसा. तिकडे कुणी बघत नाही."

"तळ्यात? मी लोखंड आहे, केंगारभाऊ. तिथे कचराच होईन."

ती उठली. सिमेंटचे पाय एकेक उचलत टेम्पोकडची चढण चढू लागली.

"बाई," मॅडम मागून म्हणाल्या, "निदान येते तरी म्हणा."

ती चढत राहिली.