महाराजांची आयाळ आणि गोदाक्काची बोगनवेल

एका जंगलात, बाळांनो, गोदाक्का नावाची सशीण राहत होती. तिला बोगनवेलीचं भारी वेड. बिळाच्या तोंडावर तिने गडद गुलाबी बोगनवेल चढवली होती.

तिची रीत सोपी होती. ऊन भरपूर, पाणी बेताने. बहर ओसरला की छाटणी. छाटताना हातात गोणपाटाचे मोजे.

एक दिवस भालबा कोल्हा केकाटत दरबारात शिरला. त्याच्या नाकात दोन काटे रुतले होते.

"महाराज, मी फुलांचा वास घ्यायला गेलो होतो हो!"

"बिळात खांद्यापर्यंत घुसून?" त्याच्या मागोमाग आलेल्या गोदाक्काने विचारलं.

"वास आत जास्त येत होता," भालबा म्हणाला.

सिंहमहाराजांना हे पटलं. हुकूम सुटला : उद्या वेल मुळासकट उपटा!

वेल गेली की कोल्हा आत. आणि आत तिची चार पिलं.

"महाराज, एकदा डोळ्यांनी बघा," ती म्हणाली. "मग खुशाल उपटा."

सकाळी महाराज आले. मागोमाग सगळं जंगल आलं. वेल अशी फुलली होती की पान दिसेना. महाराजांचं भानच हरपलं. "अहाहा!" म्हणत त्यांनी सरळ डोकं आत घातलं.

"महाराज, आलात तसेच मागे या! वळू नका!"

राजे कधी ऐकतात का? ते डावीकडे वळले. मग उजवीकडे. मग गर्रकन गोल. आयाळ वेलीत, वेल आयाळीत!

अस्वलाने शेपूट धरून ओढलं. महाराजांनी अशी डरकाळी फोडली की माकडं पिकल्या जांभळांसारखी टपटप खाली पडली. हत्तीला वाटलं, आपणही काही तरी करावं. त्याने सोंडभर पाणी मारलं. आता महाराज अडकलेले तर होतेच, शिवाय भिजलेलेही होते.

गोदाक्काने मोजे चढवले, कात्री घेतली. "महाराज, आयाळ कापावी लागेल."

"वेल काप की!"

"फांदी सुटून डोळ्यात जाईल, महाराज."

हे जरा खोटं होतं. पण आत चार पिलं होती.

"बरं, काप!" महाराज विव्हळले.

कच, कच, कच. महाराज बाहेर आले. थोरलं, ओलं मांजरच जणू! कुणाला तरी फिस्सकन हसू फुटलं. गोदाक्काला वाटलं, संपलं आता!

तेवढ्यात भालबा ओरडला, "वा! दहा वर्षांनी लहान दिसता, महाराज!"

महाराजांनी तळ्यात डोकावून पाहिलं. त्यांना ते रूप फार आवडलं. संध्याकाळपर्यंत अस्वलानेही न्हाव्याकडून भादरून घेतलं. साळिंदरही हौसेने बसलं होतं, पण न्हावीच पळून गेला.

दुसरा हुकूम सुटला : घरोघरी बोगनवेल लावा! काटे कसे हाताळायचे ते आधी शिका, परीक्षा द्या.

"पण शिकवणार कोण?" हत्तीने विचारलं.

"ज्याला काट्यांचा अनुभव आहे तो!" महाराज म्हणाले. सगळ्यांनी भालबाच्या सुजलेल्या नाकाकडे आदराने पाहिलं.

झालं. भालबा राजकाटेतज्ज्ञ झाला.

परीक्षेला गोदाक्काही बसली. तोंडी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मग भालबा एकेकाचे पंजे तपासू लागला. अस्वलाचे रक्तबंबाळ होते. "शाब्बास!" माकडाला तर पंजाच उघडता येईना. "पहिला नंबर!"

गोदाक्काचे पंजे त्याने उलटसुलट करून पाहिले.

"एकही ओरखडा नाही?"

"मी जपून धरते ना."

"म्हणजे सराव नाही. नापास!"

गोदाक्का घरी आली. वेल जागेवर होती, पिलं जागेवर होती. तिला एवढं हसू फुटलं की गाढ झोपलेली चारी पिलं दचकून उठली आणि का ते न कळताच हसायला लागली.

तात्पर्य : बाळांनो, काम बिनचूक येत असेल तर ते घरीच करावं. चारचौघांत मान हवा असेल, तर आधी नाक सुजवून यावं.