आवारात फक्त एक फेरी

“गाडी निवडायला असं लागतं काय हो? जायचं, बघायची, पारखायची, घेऊन यायची. जेवायच्या आत परत!” शनिवारी सकाळी दाढी करता करता सव्वापटसाहेब आरशाला म्हणाले.

आरसा गप्प बसला. घरात बोलायचं काम त्याच्याकडे नव्हतं.

“कुठल्या दिवशीच्या जेवायच्या आत?” स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

साहेब लिफ्ट तपासणारे निरीक्षक. ज्या लिफ्टवर ‘आठ माणसे’ असं लिहिलेलं असतं, तिच्यात ते दहा माणसांच्या वजनाची पोती भरणार, ती वरखाली फिरवणार आणि मगच सही करणार. ‘सव्वापट वजन सोसेल तेच खरं,’ हे त्यांचं वाक्य कचेरीत इतकं गाजलं की त्यांचं खरं नाव पगार देणारा सोडून सगळे विसरले. हा रोग त्यांनी घरीही आणला. धाकट्याचा पाळणा आला तेव्हा साहेबांनी त्यात आधी थोरल्या लेकीला आणि मधल्या मुलाला एकदम बसवलं. पाळणा पास झाला. छताचा हुक नापास झाला.

तर अशा माणसाला मोटरहोम घ्यायचं होतं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत बिछाने, ओटा, नळ, सगळं. हौस म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून. मागच्या सुट्टीत त्यांचा तंबू वाऱ्याने उडाला होता. नुसता उडाला असता तर चाललं असतं, पण उडाला तेव्हा बायको आत कपडे बदलत होती! त्या दिवशी तिने एकदाच आणि हळू आवाजात सांगितलं होतं, “पुढच्या सुट्टीत मुलांना स्वतःचे बिछाने आणि मला आतून लागणारं दार. नाहीतर मी मुलांना घेऊन माहेरी जाणार. तुम्ही तंबूत राहा आणि सवतीशी गप्पा मारा.”

सवत म्हणजे बोट. साहेबांनी इमारतीच्या तळघरात, रविवार रविवार करून, स्वतःच्या हातांनी एक लाकडी बोट बांधली होती. ती पाण्यापर्यंत न्यायचा एक प्रयत्न झाला होता. छोट्या गाडीच्या मागे ट्रेलर जोडला, ट्रेलरवर बोट बांधली आणि साहेब निघाले. चौकात पोचल्यावर लक्षात आलं की गाडीचा बंपर बोटीपाशीच थांबलाय आणि बाकीची गाडी तेवढी पुढे आलीय.

म्हणून बायकोची अट बिछान्यांची आणि साहेबांची अट ओढण्याच्या ताकदीची. सोमवारपासून शाळांना सुट्टी. शनिवार हातात होता. रविवारी दुकान बंद.

गाड्यांच्या आवारात टाय घातलेला विक्रेता धावतच आला.

“या या! ही बघा, आमची सगळ्यात लाडकी!”

“मुलांचे बिछाने कुठायत?”

“हे काय, बसलाय त्यांच्यावरच! रात्री हे टेबल खाली घ्यायचं, पाठीच्या गाद्या आडव्या टाकायच्या, हा खटका दाबायचा, तो कप्पा ओढायचा, की झाला पलंग!”

“आणि कुणाला पहाटे दूध हवं झालं तर?” बायकोने विचारलं.

“तर मग…” विक्रेत्याने विचार केला. “सगळ्यांना उठवायचं.”

“पुढची.”

पुढचीला ड्रायव्हरच्या डोक्यावर प्रशस्त पोटमाळा होता. मुलं शिडीवरून वर गेली ती उतरेनात. बायकोचा चेहरा खुलला. साहेब मात्र गाडीखाली शिरून नुसते पाय बाहेर ठेवून बोलत होते.

“हिच्या मागे हुकच नाही! ही ओढते किती?”

“साहेब, ही स्वतःला ओढते तेच खूप आहे.”

तिसरी गाडी बघून साहेबांना गहिवरून आलं. हुक असा, की त्याला हत्ती बांधावा!

“रणगाडा ओढेल साहेब, रणगाडा!”

“आणि मुलं कुठे झोपणार?” बायको म्हणाली.

“मुलं…” विक्रेत्याने आत डोकावून बघितलं. “रणगाड्यात.”

अशा सगळ्या रांगा संपल्या. बायको ‘पुढची’ म्हणायची, साहेब ‘हुक’ म्हणायचे, धाकटा ‘शू’ म्हणायचा. विक्रेत्याने टाय सैल केला. शेवटी कोपऱ्यातली लांबलचक पांढरी गाडी उघडली तेव्हा कुणाच्याच अंगात बोलायचं त्राण नव्हतं. तिच्या मागच्या टोकाला एकावर एक तीन बिछाने होते, प्रत्येकाला कठडा, दिवा आणि मागच्या रस्त्याकडे बघणारी खिडकी. पुढे नवरा-बायकोसाठी दार लागणारी खोली. आणि खाली हुक!

“हीच,” बायको म्हणाली.

“हीच!” विक्रेता ओरडला.

“बघू,” सव्वापटसाहेब म्हणाले.

बायकोने डोळे मिटले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ‘बघू’चा अर्थ तिला कळत होता.

“बिछाने आहेत हे दिसतंय,” साहेब म्हणाले. “पण त्यांत झोप येते का? मुलं प्रत्यक्ष झोपल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“आत्ता? दुपारी?” विक्रेत्याने विचारलं.

“लिफ्ट मी रिकामी तपासत नाही.”

मग जे सुरू झालं त्याला झोपवणं म्हणणं म्हणजे मारामारीला चर्चा म्हणण्यासारखं होतं. तीन मुलं तीन बिछान्यांवर. पडदे ओढले. थोरली म्हणाली, मला पाणी. मधला म्हणाला, मला वरचा बिछाना. धाकटा काहीच म्हणाला नाही. तो कठड्यावरून उलटा लटकत होता. विक्रेत्याने गोष्ट सांगितली. ती वॉरंटीची होती. तिने मुलांऐवजी साहेबांनाच पेंग आली. गडबड ऐकून मॅनेजरबाई आल्या. जाड चष्मा आणि करारी चेहरा.

“काय चाललंय?”

“मॅडम, गिऱ्हाईक झोपतंय,” विक्रेता म्हणाला.

“अहो, किती वेळा सांगू,” बायको साहेबांना म्हणाली, “धाकटा उभ्या गाडीत झोपत नाही! गाडी हलली की झोपतो, थांबली की उठतो. जन्मल्यापासून असंच आहे.”

आणि साहेबांच्या डोळ्यांत ती चमक आली. त्या चमकेला घरातले सगळे घाबरतात.

“मग दोन्ही चाचण्या एकदमच उरकू! मागे बोट जोडू. तू आवारात फक्त एक फेरी मार. मुलं झोपतील, बोट ओढली जाईल. एका दगडात दोन!”

बोट आणायला मेव्हण्याला फोन गेला. मेव्हण्याची बेकरी होती आणि बेकरीचा दणकट टेम्पो होता. तो ट्रेलरसकट बोट घेऊन आला, पण येताच म्हणाला, “दाजी, एवढा दणकट टेम्पो रिकामा उभा असतो माझा. त्याने तुमची बोट कधीच तळ्यावर सोडली असती. कधी विचारलंत का?”

“सव्वापट,” साहेब त्याच्याकडे दुर्लक्ष करून म्हणाले. “नुसती बोट हलकी आहे. सुट्टीत तिच्यात सामान असणार. वजन आणा!”

बोटीत सुटी चाकं टाकली. आग विझवायची लाल नळकांडी टाकली. बागेतल्या खुर्च्या टाकल्या. बायकोची पर्ससुद्धा टाकली, कारण तिच्यात काय असतं कुणाला माहीत, पण ती जड असते हे सगळ्यांना माहीत. साहेबांनी ट्रेलरची स्प्रिंग दाबून बघितली आणि मान हलवली.

“अजून हवं.”

“दाजी, आता काय माणसं भरायची?”

मेव्हण्याने हे बोलायला नको होतं.

थोड्याच वेळात बोटीत पुढे सव्वापटसाहेब, मध्ये मेव्हणा, त्याच्या शेजारी विक्रेता आणि मागे मॅनेजरबाई बसल्या होत्या. बाई का बसल्या? तर संबंध महिन्यात त्या आवारातून एक गाडी विकली गेली नव्हती, आणि ती विकली जावी म्हणून त्या सिंहाच्या तोंडातही बसल्या असत्या.

बायकोने गाडी चालू केली. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही बाई शाळेची बस चालवते. मागे पोरं ओरडतात, गातात, एकमेकांना डब्यांनी बडवतात. तिने मान वळवायची नाही, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. मागचा आवाज तिच्या कानात शिरत नाही, शिरला तरी डोक्यात पोचत नाही.

गाडी अलगद निघाली. बोट हलली. हुकाने हूं की चूं केलं नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ओढतेय! ओढतेय बघा!”

फेरी संपत आली, तेवढ्यात मागच्या बिछान्यावरून थोरली कुजबुजली, “आई, झोपला!”

झालं! समोर आवारातला गतिरोधक होता. त्यावरून गाडी गेली तर पोरगं उठणार. थांबली तर हमखास उठणार. डावीकडे फाटक सताड उघडं होतं आणि पलीकडे गुळगुळीत, सपाट, सुंदर रस्ता. कुठल्याही आईने जे केलं असतं तेच तिने केलं.

“अगं! ए! फाटक!” साहेब ओरडले.

“ताई!” मेव्हणा ओरडला.

“बाई, विमा फक्त आवारापुरता आहे!” मॅनेजरबाई ओरडल्या.

बायकोने आरशात बघितलं. चौघंजण बोटीत उभे राहून हात हलवत होते. तिने ओठांवर बोट ठेवलं, “शू!”, आणि गाडी पुढे नेली.

“फोन करा तिला!” विक्रेता म्हणाला. साहेबांनी फोन लावला. बोटीच्या तळाशी, सुट्या चाकांखाली, पर्स वाजू लागली.

बाजारपेठेतून बोट निघाली तशी दोन्ही बाजूंना माणसं थांबली. लाल दिवा दिसला की बायको जे मोकळं वळण मिळेल ते घेई, म्हणून ती बाजारपेठ बोटीला पुन्हा पुन्हा दिसू लागली. दुसऱ्या खेपेला लोक हात हलवायला लागले. तिसऱ्या खेपेला फळवाला सोबत धावत आला.

“काय हो, स्कीम आहे का काही?”

“आहे तर!” विक्रेत्याची सवय जागी झाली. “महिनाअखेरपर्यंत!”

“तुम्ही आधी खाली उतरून गाडी थांबवा!” साहेब किंचाळले.

“चालत्या बोटीतून? साहेब, मला पोहता येत नाही.”

चौकातला पोलीस शिट्टी तोंडात घालून रस्त्याच्या मधोमध आला. बायकोने काच खाली केली, मागच्या बिछान्यांकडे बोट दाखवलं, दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले. पोलिसाने एकदा गाडीकडे, एकदा बोटीकडे बघितलं. त्याच्याही घरी लहान मूल असावं. त्याने शिट्टी काढून खिशात घातली आणि हात करून सगळी वाहतूक थांबवली.

“अहो, आम्हाला वाचवा!” साहेब त्याच्याजवळून जाताना ओरडले.

“हळू!” पोलीस दबक्या आवाजात दरडावला. “लाज नाही वाटत? लेकरू झोपलंय!”

त्यानंतर मेव्हण्याने खिशातली बिस्किटं वाटली. मॅनेजरबाईंनी सुटलेला अंबाडा पुन्हा बांधला. एकटे साहेब तेवढे अजून उभे राहून, हात हलवून, घसा फोडून ओरडत होते.

डिझेल संपत आलं तेव्हा कुठे पेट्रोल पंपावर गाडी थांबली. बायको तरातरा मागे आली.

“अहो, किती तो आरडाओरडा! उठला असता ना तो!”

साहेबांना बोलायचं पुष्कळ होतं, पण आवाज उरला नव्हता. तेवढ्यात मागच्या खिडकीचा पडदा सरकला. थोरली आणि मधला, दोघं टक्क जागे, नाकं काचेला चिकटवून बसले होते.

“तुम्ही झोपला नाहीत?” बायकोने विचारलं.

“झोपणार कसं? बाबा, तुम्ही मागे इतकी मज्जा करत होता!”

“आणि धाकटा?”

“तो मात्र झोपला. तुम्हाला बघत बघतच झोपला.”

आईने डोकावलं. धाकटा खरोखरच गाढ झोपला होता, तेही उभ्या गाडीत. जन्मल्यापासून पहिल्यांदा! बायकोने साहेबांचा हात धरला. इतक्या प्रेमाने तिने तो बऱ्याच वर्षांत धरला नव्हता.

“घ्या ही गाडी. आत्ता. बोटीसकट चला सुट्टीला, मी एक शब्द बोलणार नाही.”

साहेबांनी सही केली. बोट ओढली गेली होती, मूल झोपलं होतं, सुट्टी वाचली होती. मॅनेजरबाईंनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि पुन्हा कधीही भेटण्याची इच्छा नसल्याचं अतिशय सभ्य शब्दांत सांगितलं.

सोमवारी मंडळी तळ्याकाठच्या मैदानावर पोचली. कोरडे बिछाने, लागणारं दार, सगळं कसं झकास! तिन्हीसांजेला आईने धाकट्याला खालच्या बिछान्यावर ठेवलं, थोपटलं आणि पडदा ओढू लागली.

“नको!” धाकट्याने पडदा धरला. खिडकीतून बाहेर बघितलं आणि भोकाड पसरलं. “बाबा बोटीत!”

गाणी झाली, गोष्टी झाल्या, गाडी मैदानाभोवती बोटीशिवाय फिरवून झाली. पोरगं एका वाक्यावरून हलेना. शेवटी शेजारच्या गाड्यांमधले लोक डोकी बाहेर काढू लागले तेव्हा साहेब मुकाट्याने उठले, ट्रेलर हुकाला लावला आणि बोटीत जाऊन बसले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मैदानाभोवती त्यांची स्वारी निघते. बाकीची कुटुंबं खुर्च्या टाकून बघायला बसतात. परवा साहेबांनी जरा चलाखी केली. नुसते बसून राहिले, एक हात तेवढा हलवला. लगेच मागची खिडकी किलकिली झाली आणि पेंगुळलेला आवाज आला, “बाबा, ओरड ना!”

पुढून बायकोही म्हणाली, “ओरडा हो, झोपेला आलाय तो.”

साहेब उभे राहिले आणि ओरडले. खरं सांगायचं तर त्यासाठी त्यांना अभिनय असा काही करावा लागत नाही.