टकलावरची चंद्रकोर

जळगावात आमच्या पिंप्राळ्यातल्या गल्लीतली मुलं चंद्राच्या कला नानांच्या टकलावर शिकली. अगदी खरोखरच्या टकलावर. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की नाना टोपी काढून खिशात घालत, एका मुलाला पाटावर बसवत आणि त्याच्याभोवती फिरायला लागत.

"मी चंद्र शे, तू पृथ्वी. आते देख, मी किती उजेडमा शे?"

टक्कल जेवढं चमकेल तेवढी तिथी. पाटावरची पृथ्वी कधी अष्टमी सांगे, कधी पौर्णिमा. नाना सूर्याच्या बाजूला गेले की टक्कल काळं दिसे आणि पृथ्वी म्हणे, चंद्र नाहीच. त्यावर नानांचं ठरलेलं उत्तर असे, "शे, पन दिखत नही."

फिरताना त्यांच्या गमछ्याचं एक टोक पृथ्वीच्या मुठीत असे. पृथ्वीनं चंद्राला असंच धरून ठेवलंय, नाहीतर तो केव्हाच पळाला असता, असं ते समजावत. मला ते पटायचं.

नाना शिंदखेड्याला वायरमन होते. निवृत्तीनंतर मुलाकडे, म्हणजे आमच्या शेजारी आले. माणूस बोलका, पण विक्षिप्त. मी समोरून हात जोडले तरी कधीकधी ढिम्म बघायचे नाहीत. मी मनात त्यांना शिष्ट म्हणून टाकलं होतं. वर त्यांच्यामुळे घरात माझी शोभा झाली ती वेगळीच. मी एम.कॉम. आहे आणि चाळिशीपर्यंत समजत होतो की चंद्रकोर म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची सावली. माझ्या सहा वर्षांच्या मनूनं जेवताना, पाहुण्यांसमोर, माझी चूक सुधारली.

ऊन मावळल्यावर खरा चंद्र बघायचा. "आज कसा शे?" नाना विचारत. जळगावची मुलं ती, हमखास केळ्यापासून सुरुवात करत. मग प्रत्येकानं तो चंद्र नानांच्या टकलावर बोटानं काढून दाखवायचा. ही मात्र मला लाडांची हद्द वाटे. कृष्ण पक्षात चंद्र सकाळचा, म्हणून मुलं शाळेच्या रिक्षातून माना बाहेर काढून आकाश बघत. रिक्षावाल्यानं तक्रार केली, आयांनी कपाळाला हात लावला, पण वर्ग चालूच राहिला.

एका रविवारी गल्लीतली सगळी मुलं लग्नाला गेली होती. नाना ओट्यावर एकटेच. बीज होती, पाण्याच्या टाकीच्या वर नखाएवढी कोर स्वच्छ दिसत होती. पायाचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोन, भाऊ का? आज कसा शे?"

मला थट्टा सुचली. म्हटलं, पुरा गोल नाना, थाळीएवढा.

नानांचा चेहरा पडला. टाकीकडे नाही, ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. बोटांवर काहीतरी मोजून हळूच म्हणाले, "परवा त अमावास्या व्हती. मनं चुकनं का?"

गमछा, टकलावरची बोटं, माझे वाया गेलेले नमस्कार, सगळं एकदम उलगडलं. मी माफी मागितली. मग नानांनीच सांगितलं. काचबिंदू होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. आता ऊन-सावली आणि जवळची माणसं तेवढी धूसर कळायची. मुलाला पुरतं सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तर तो ओट्याखाली पाय ठेवू देणार नाही, वर्ग संपला.

"पोरेसले सांगू नका भाऊ. ज्याले चंद्र दिखत नही, त्यानापाशी कोन शिकी?"

मी शब्द दिला. पण मनूला झोपवताना राहवलं नाही. सहज विचारतोय असं दाखवून म्हटलं, नानांच्या डोक्यावर चंद्र कशाला काढता गं, पाटी नाही का?

"पाटी त्यांना दिसत नाही ना," मनू म्हणाली. मग उठून बसली. "बाबा, आम्हाला माहीत आहे हे नानांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

तेव्हापासून मी दोन्हीकडची गुपितं पोटात घेऊन फिरतोय आणि नानांना लांबूनच हाक मारून नमस्कार करतोय.

परवा पुन्हा अमावास्या आली. काढायला काही नाही, म्हणजे आज मुलं येणार नाहीत, असं मला वाटलं. सगळी आली. नानांनी सवयीनं मान खाली घातली. मुलं क्षणभर घुटमळली. मग मनूनं पुढे होऊन आपला आख्खा तळवा त्यांच्या टकलावर ठेवला. मागोमाग बाकीच्यांनीही ठेवले.

"आज कसा शे?" नानांनी विचारलं. मान त्यांनी वर केली नाही.

"शे, नाना," मनू म्हणाली. त्या ठरलेल्या उत्तरातलं पुढचं ती बोललीच नाही.